गाडीची काच फुटली? या चुका टाळा

सकाळी साडेसहाला खाली आलो तेव्हा समोरच्या काकू खराट्याने काचा गोळा करत होत्या. गाडी माझीच होती. मागच्या डाव्या दाराची काच गेली होती आणि रात्रीच्या पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर खडीसाखरेसारखे दाणे पसरले होते. "पोरं शाळेला निघतील, पायात जायला नको म्हणून झाडून घेतलं रे बाबा," काकू म्हणाल्या. मीही त्यांच्यापुढे सुपली धरली. मग दार उघडून सगळीकडे हात घातला, समोरचा कप्पा चाचपला, सीट झटकली आणि गाडी थेट काचवाल्याकडे नेली. पोलीस ठाण्यात गेलो ते दुपारी, नवी काच बसवून. हवालदारांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "साहेब, आता पंचनामा कशाचा करू?"

त्या एका सकाळी मी तीन-चार चुका केल्या. नंतर कॉलनीची बैठक झाली तेव्हा कळलं की त्याच पावसाळ्यात आमच्या गल्लीत माझ्या आधी तीन गाड्या फुटल्या होत्या. तिघांनीही गुपचूप काच बदलून घेतली होती. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, गोडोलीच्या बाजूला आमची वस्ती. इथे सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं, असं आम्ही समजत होतो.

"जाऊ दे, बॅगच तर गेली"

सगळ्यात महाग पडते ती हीच चूक, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो.

गस्तीची गाडी रात्री कोणत्या रस्त्याने फिरवायची, बीट अंमलदाराने, म्हणजे आपल्या भागाच्या पोलिसाने, कुठल्या कोपऱ्यावर थांबायचं, हे ठरवताना ठाण्यात नोंदी बघितल्या जातात. चार गाड्या फुटल्या आणि नोंद एकीचीच असेल, तर ठाण्याच्या हिशेबी तिथे एकच चोरी झाली. आमच्या बैठकीला आलेल्या अंमलदारांनी हे अगदी सरळ सांगितलं: "तुम्ही म्हणता गस्त येत नाही. पण या गल्लीत काही घडतंय हे आम्हाला कळायचं कसं?" त्या दिवशी आमच्याकडे याचं उत्तर नव्हतं.

तक्रार न देण्याची कारणं ठरलेली असतात. विम्याचा क्लेम करायचा नाही तर तक्रार कशाला? दाराची काच काही हजारांत बसते. क्लेम घेतला तर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपये आणि त्यापुढच्या गाडीला दोन हजार रुपये आपल्या खिशातून भरावे लागतात. हिशेब बघून क्लेम सोडला तर हरकत नाही. पण क्लेम आणि फिर्याद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लेम सोडला म्हणून फिर्याद सोडू नका.

दुसरं कारण म्हणजे किरकोळ माल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे. माल पाच हजारांच्या आतला असेल तर तो गुन्हा अदखलपात्र ठरतो, म्हणजे आपण ज्याला एनसी म्हणतो ते; त्यात न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. त्यामुळे किंमत सांगताना नीट आठवून सांगा. "एक जुनी बॅग होती," असं सांगून लोक मोकळे होतात. घरी गेल्यावर आठवतं की तिच्यात हार्ड डिस्क होती, चष्मा होता, आईची औषधं होती. वाढवून अजिबात सांगू नका, पण विसरूनही कमी सांगू नका. काचेचं नुकसान वेगळं लिहून द्या. आणि एनसीच झाली तरी ती करा. तीही ठाण्याच्या वहीत उमटते आणि त्या वहीवरच आपली गल्ली पोलिसांना दिसते.

तिसरं कारण हद्दीचं. २०२० च्या हद्दवाढीत शाहूपुरी, गोडोली, विलासपूर हे भाग पालिकेत आले. पण पोलीस ठाण्यांच्या हद्दी वेगळ्या असतात आणि सातारा शहर, शाहूपुरी, सातारा तालुका यांतलं आपलं ठाणं कोणतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. गुन्हा दखलपात्र असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. तीच शून्य क्रमांकाची एफआयआर. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवणंही आता कायद्यात आहे.

चोरी झाली आणि नोंद "गहाळ" म्हणून

ही चूक मोठी आहे आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. बॅगेबरोबर लायसन्स, आरसी, पॅनकार्ड जातं. दुय्यम प्रत काढायला दाखला लागतो. कुणीतरी सल्ला देतं, "वस्तू हरवली म्हणून ऑनलाइन टाक, पाच मिनिटांत दाखला मिळतो." मिळतोही. पण मग कागदोपत्री काच फुटलीच नाही, चोर आलाच नाही, तुम्हीच कुठेतरी पाकीट पाडलं असं होतं. पुढे चोर सापडला आणि त्याच्याकडे तुमचं लायसन्स मिळालं, तरी ते कुठल्या गुन्ह्यातलं हे जुळवायला पोलिसांकडे काही उरत नाही. चोरी झाली असेल तर चोरीच लिहा.

मुळात आरसी आणि लायसन्सची मूळ कागदं गाडीत ठेवायचं आता कारण नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत तपासणीला चालते.

आणि एक गोष्ट त्याच दिवशी करायची: बॅगेत घराच्या किल्ल्या असतील तर कुलूप बदला. आरसीवर पत्ता असतो. पत्ता आणि किल्ली एकाच माणसाच्या हातात गेली आहे, ही भीती गाडीपेक्षा मोठी आहे. फोन गेला असेल तर सिम बंद करून सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून हँडसेट ब्लॉक करा. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तिथे मिनिटांनी फरक पडतो.

पहिल्या अर्ध्या तासात

झाडू नका, पुसू नका, कप्पे उघडू नका. आधी फोटो काढा: लांबून, जवळून, काचेचे दाणे जमिनीवर कुठवर गेलेत ते, शेजारी कोणाची गाडी लावली आहे ते. पाऊस असेल तर फुटलेल्या दारावर बाहेरून प्लास्टिक टाका, दाराच्या कडांना हात लावू नका. ठशांची आशा असते ती तिथेच. पोरांच्या पायाची काळजी काकूंनी केली ती बरोबरच होती. तेवढ्यासाठी दोन खुर्च्या आडव्या ठेवल्या तरी भागतं. क्लेम करणार असाल तर विमा कंपनीला कळवून त्यांचा माणूस बघून जाईपर्यंत काच बदलू नका.

११२ ला "देवळाजवळ या" म्हणणं

रात्री दोनला कुणी गाडीशी झटताना दिसलं तर आपण काय करतो? ग्रुपवर मेसेज टाकतो किंवा ओळखीच्या पोलीसदादांचा मोबाइल लावतो. दादा त्या रात्री ड्युटीवर नसतात, फोन उचलला गेला नाही की प्रकरण तिथेच संपतं. ११२ लावला की कॉलची नोंद होते आणि जवळची गाडी पाठवली जाते. मात्र महाराष्ट्रात ११२ चे कॉल नवी मुंबई आणि नागपूरच्या केंद्रांत घेतले जातात. तिथल्या ताईंना आपलं गणपतीचं देऊळ कसं माहीत असणार? सातारा शहर, कॉलनीचं नाव, गल्ली, जवळची मोठी खूण, या क्रमाने सांगायचं. मग गाडीचा रंग, नंबर, तोंड कुठल्या दिशेला. आम्ही हे एका कागदावर लिहून प्रत्येक जिन्यात मीटरच्या पेटीशेजारी चिकटवलं आहे, कारण घाबरल्यावर स्वतःचा पत्ताही नीट सांगता येत नाही.

दिशा विशेष महत्त्वाची. आमच्याकडून पुणे-बेंगळुरू महामार्ग काही मिनिटांवर. वर पुण्याच्या बाजूला आनेवाडीचा टोलनाका, खाली कराडच्या बाजूला तासवडेचा. माणूस कुठल्या बाजूला गेला एवढं कळलं तरी पोलिसांचं अर्धं काम हलकं होतं.

कॅमेरा आहे, पण घड्याळ चुकलंय

चार घरांनी कॅमेरे बसवले होते. माझ्या वेळी एकात हेडलाइटचा झगमगाट दिसला, दुसऱ्यात प्राजक्ताची फांदी हलताना दिसली. तिसऱ्यात एक दुचाकी स्पष्ट दिसली, पण त्या डीव्हीआरचं (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या पेटीचं) घड्याळ चाळीस मिनिटं पुढे होतं. ते लक्षात यायलाच आठवडा गेला आणि चौथ्या घरातलं त्या रात्रीचं फुटेज तोवर पुसून त्यावर नवं चढलं होतं. चोरी झाली की त्याच दिवशी सगळ्या घरांतलं फुटेज काढून ठेवा. स्क्रीनचा मोबाइलने व्हिडिओ काढून फॉरवर्ड करू नका, डीव्हीआरमधून मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि डीव्हीआर जागचा हलवू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइल नंतर बदललेली नाही हे पडताळायचा आकडाही येतो. ते काम पोलीस करून घेतात, आपण सही द्यायला मागे हटायचं नाही.

नंबरप्लेट टिपायची तर एक कॅमेरा गल्लीच्या तोंडाशी, खालच्या उंचीवर आणि रस्त्याकडे तिरका हवा. सगळे कॅमेरे आपापल्या गेटकडे वळवलेले असले की रस्ता कुणाचाच राहत नाही.

गाडी लावतानाच्या चुका

यातल्या बऱ्याच माहीत असतात, तरी होतात. लॅपटॉपची बॅग सीटवरून डिकीत ठेवायची तर निघतानाच ठेवा. मुक्कामाला पोहोचून सगळ्यांदेखत हलवली तर ती कुठे आहे हे तुम्हीच दाखवून दिलं. कासची फुलं बघायला येणारे पाहुणे आमच्याकडे रात्री असंच करतात, अर्धं सामान गाडीत ठेवून वर जेवायला येतात. चार्जरची वायर लोंबत ठेवली, डॅशकॅम काढला पण काचेवर गोल ठसा तसाच राहिला, तरी बघणाऱ्याला पुरेसं असतं. अलार्मवर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांचा अलार्म दार उघडल्यावर वाजतो, काचेतून हात आत गेला तर वाजेलच असं नाही.

कव्हरचं मात्र कुणी सांगत नाही. आठ-आठ दिवस उभ्या गाडीवर कव्हर घातलं की धूळ बसत नाही, पण आत काय चाललंय तेही दिसत नाही. आमच्याकडच्या एका गाडीची बॅटरी कव्हरखालून गेली आणि मालकांना ते गावाहून परत आल्यावर कळलं. गावाला जाताना शेजाऱ्याला सांगा, रोज एकदा कव्हर उचलून बघायला.

मारुतीची इको असेल तर सायलेन्सर जपा. त्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे महागडे धातू असतात, म्हणून या गाड्यांचे सायलेन्सर महाराष्ट्रात ठिकठिकाणी चोरले गेले. गाडी भिंतीला जितकी खेटून लावता येईल तितकी लावा आणि खालून लोखंडी जाळी मारून घ्या.

संशयावरून हात उचलणं

कॉलनीत दोन चोऱ्या झाल्या की तरुण पोरं काठ्या घेऊन बसतात. त्यांची तळमळ मला कळते. पण सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावात, मुलं पळवणारे समजून चार साधूंना मारहाण झाली. ते पंढरपूरला निघाले होते. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जमावाने जीव घेतला. दोन्हीकडे सुरुवात एका अफवेने झाली. "चोर सोडून संन्याशाला फाशी" ही म्हण आपण सहज बोलून जातो, इथे ती अक्षरशः खरी झाली.

म्हणून आमच्या ग्रुपवर एक नियम आम्ही कडक ठेवला आहे: कुणाचाही फोटो "हा चोर" म्हणून टाकायचा नाही. भंगार वेचणारी बाई, रात्री उशिरा पार्सल घेऊन आलेला मुलगा, परजिल्ह्यातली नंबरप्लेट, पालावरचं कुटुंब, यांपैकी कुणीही केवळ तिथे दिसल्याने चोर ठरत नाही. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण गल्लीतल्या कुजबुजीत अजून डोकावतो. तो आपल्या ग्रुपवर तरी येऊ द्यायचा नाही.

डोळ्यांदेखत कुणी दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करताना सापडला तर नागरिकाला त्याला धरता येतं, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावंच लागतं. मारायचा अधिकार कुणालाच नाही. रात्री एकट्याने तर जवळही जाऊ नये. खिडकीतून दिवा लावा, आवाज द्या, ११२ लावा.

बैठकीत नुसती गाऱ्हाणी मांडणं

पहिल्या बैठकीत आम्ही तास-दीड तास तेच केलं. दुसऱ्या वेळी एक कागद घेऊन गेलो: चारही घटनांची जागा, कळली तेवढी वेळ, काय गेलं, बंद असलेल्या पथदिव्यांच्या खांबांचे नंबर. त्यावर बोलणं वीस मिनिटांत आटोपलं. चारपैकी तीन गाड्या त्याच दोन बंद दिव्यांच्या मधल्या पट्ट्यात फुटल्या होत्या, हे कागदावर एकत्र मांडल्यावरच दिसलं. खांबांचे नंबर पालिकेत दिले, अंमलदारांनी त्या कोपऱ्यावर गस्तीचा पॉइंट धरला, उरलेल्या तिघांनी उशिरा का होईना तक्रारी लिहून दिल्या. उशीर झाला म्हणून तक्रार घेत नाहीत असं नसतं, उशिराचं कारण लिहायचं.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी सात नंबरातला मुलगा चारही डीव्हीआरची घड्याळं मोबाइलशी ताडून बघतो आणि जिन्यातल्या कागदावर तारीख टाकतो. मागच्या वेळी एक पुन्हा सहा मिनिटं पुढे गेलं होतं.