मॅन्युअल की ऑटोमॅटिक: ऑफ-रोडसाठी निवडताना आणि चालवताना या चुका टाळा

ऑफ-रोडसाठी गाडी बघायला आलेला माणूस गिअरबॉक्सबद्दल हमखास एकच प्रश्न विचारतो: चढाला कुठली जास्त ओढेल? थार असो, जिम्नी असो की फॉर्च्युनर, आजच्या फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर देणाऱ्या गाड्या) दोन्ही गिअरबॉक्समध्ये व्यवस्थित चढतात. विचारायला हवं ते उताराबद्दल. सह्याद्रीत पावसाळ्यात लाल चिखलावर किंवा सुट्या मुरमावर गाडी हाताबाहेर जाते ती बहुतेक वेळा खाली येताना, आणि मॅन्युअल-ऑटोमॅटिकमधला खरा फरकही तिथेच कळतो.

चूक: चढ बघून निवड करणे

घाटातले जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. मॅन्युअलला हा नियम आजही तंतोतंत लागू आहे. ऑटोमॅटिकला तो अर्धाच लागू पडतो, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

जिम्नीचंच उदाहरण घेऊ. मॅन्युअल जिम्नी फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर, वेग कमी पण ताकद जास्त) पहिल्या गिअरला असते तेव्हा इंजिन साधारण ३६ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये हाच आकडा २५ च्या आसपास आहे. म्हणजे कागदावर ऑटोमॅटिक कमजोर. पण चढताना तिचा टॉर्क कन्व्हर्टर मदतीला येतो. गाडी जवळजवळ उभी असताना तो इंजिनाचा जोर तेलाच्या माध्यमातून पावणेदोन-दोन पटीपर्यंत वाढवतो, त्यामुळे ती कमतरता भरून निघते. शिवाय इंजिन बंद पडत नाही, क्लच जळायची भीती नाही.

उतारावर ही मदत मिळत नाही. चाकांकडून इंजिनाकडे जोर उलटा येतो तेव्हा कन्व्हर्टर काहीच वाढवून देत नाही, उलट थोडा घसरतो. इंजिन १००० आरपीएमवर (मिनिटाला १००० फेऱ्या) धरलं तर मॅन्युअल जिम्नी ताशी साडेतीन किलोमीटरच्या आसपास उतरते आणि ऑटोमॅटिक पाचच्या वर, घसरण धरली तर आणखी थोडी जास्त. डांबरी रस्त्यावर दीड-दोन किलोमीटरचा फरक कळतसुद्धा नाही. ओल्या लाल मातीच्या तीव्र उतारावर तेवढ्यानेच ब्रेक मारायची वेळ येते, आणि तिथे ब्रेक मारला की चाकं थांबतात पण गाडी घसरतच राहते.

म्हणून टेस्ट ड्राइव्हला उतार मागा. फोर-लो, पहिला गिअर, दोन्ही पाय पेडलवरून उचललेले. गाडी स्वतःला किती धरते ते बघा. हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर वेग आपोआप रोखणारी सोय) असेल तर तो बंद ठेवून एकदा आणि चालू ठेवून एकदा. ही सोय चांगलीच आहे, पण ती ब्रेक वापरून काम करते हे विसरू नका. लांबलचक उतारावर तेच ब्रेक तापतात.

चूक: गिअरबॉक्सचा प्रकार न विचारणे

क्लच पेडल नाही म्हणजे सगळं सारखं, असं धरून चालू नका. थार, जिम्नी, फॉर्च्युनर यांच्यात टॉर्क कन्व्हर्टर आहे आणि कच्च्या रस्त्यासाठी तोच योग्य. एएमटीत आत साधा क्लचच असतो, फक्त तो यंत्र दाबतं. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी रोखून धरली की तो मॅन्युअलसारखाच जळतो. ड्युअल क्लचचे गिअरबॉक्सही खूप हळू, रेंगाळत चालवताना तापतात आणि इशारा देऊन गाडी थांबवायला लावतात. सीव्हीटी, म्हणजे ठराविक गिअर नसलेला पट्ट्यावरचा ऑटोमॅटिक, खडकाळ चढासाठी नाहीच.

काही गाड्यांत दोन गिअरबॉक्सना इंजिनाचा जोरही वेगळा दिलेला असतो. फॉर्च्युनर डिझेल मॅन्युअलला ४२० न्यूटन मीटर, ऑटोमॅटिकला ५००. थार पेट्रोललाही मॅन्युअलमध्ये ३०० आणि ऑटोमॅटिकमध्ये ३२०. फोर्सच्या गुरखात हा प्रश्नच येत नाही. ती मॅन्युअलच येते, पण पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक (डावं-उजवं चाक एकत्रच फिरवणारी सोय) घेऊन येते, आणि आडव्या-तिडव्या खड्ड्यांत अडकल्यावर गिअरबॉक्सपेक्षा ते लॉक जास्त उपयोगी पडतात.

चूक: ऑटोमॅटिक डी वर सोडून देणे

डी (ड्राइव्ह) मध्ये गाडी वेग बघून गिअर निवडते, पुढचा रस्ता तिला दिसत नाही. उताराच्या तोंडाशी ती हमखास वरचा गिअर टाकते आणि इंजिनाची पकड सुटते. कच्च्यात शिरण्याआधीच थारमध्ये एम (हाताने गिअर निवडायची जागा) वर घेऊन पहिला गिअर धरा, जिम्नीत एल (लो). चिखलात मात्र पहिल्यापेक्षा दुसरा बरा, पहिल्यात चाक नुसतं जागेवर फिरतं.

दगडांवरून जाताना ऑटोमॅटिकचा एक मोठा फायदा वापरायचा राहून जातो. उजव्या पायाने अगदी हलका ॲक्सिलरेटर आणि डाव्या पायाने हलका ब्रेक दिला तर गाडी एकेका दगडावरून इंचाइंचाने उतरवता येते. काही गाड्या दोन्ही पेडल एकदम दाबल्यावर इंजिनाचा जोर कापतात, तेव्हा आधी सपाट जागी करून बघा.

चूक: हाफ क्लचवर गाडी चालवणे

मॅन्युअलमध्ये सगळ्यात महाग पडणारी सवय हीच. शहरातल्या गर्दीत पाय क्लचवर ठेवायची सवय लागलेली असते, ती तशीच चिखलात येते. फोर-लोमध्ये पहिल्या गिअरला क्लच पूर्ण सोडला तरी गाडी मुंगीच्या पावलाने चालते, इंजिन बंद पडत नाही. पाय पेडलवरून काढून खाली टेकवा. तरीही क्लच अर्धवट धरावा लागत असेल, तर तुम्ही फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर, पण नेहमीच्या वेगाचे गिअर) आहात किंवा गिअर चुकीचा आहे.

जळकट वास आला तर आधी तो कशाचा ते ओळखा. चढावर, जोर लावताना आला तर क्लचचा. उतारावर आला आणि चाकाजवळ जास्त जाणवला तर ब्रेकचा. क्लचचा असेल तर सपाट जागी न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवरून काढून, दहा-पंधरा मिनिटं थांबा. त्यानंतर आरपीएम चढतात पण गाडी त्या मानाने पळत नाही असं दिसलं तर प्लेट गेली, परतीचा सोपा रस्ता धरा.

चूक: अर्ध्या चढावर बंद पडल्यावर घाबरून क्लच दाबणे

या चुकीने गाड्या उलटल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चढावर इंजिन बंद पडलं की हात-पाय आपसूक क्लच आणि स्टिअरिंगकडे जातात. क्लच दाबला की चाकांना धरून ठेवणारं इंजिन सुटतं आणि गाडी मागे घरंगळते. मग माणूस जोरात ब्रेक मारतो, पुढची चाकं लॉक होऊन घसरतात, गाडी आडवी होते. आडवी झालेली गाडी उतारावर कधीही उलटू शकते.

आधी पायब्रेक घट्ट दाबा आणि दाबूनच ठेवा. पुन्हापुन्हा दाबू-सोडू नका, इंजिन बंद असताना ब्रेकला मदत करणाऱ्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतीच ताकद उरते. हँडब्रेक ओढा. जुन्या जीपला रिव्हर्स टाकून, क्लच न दाबता, थेट स्टार्टर मारता यायचा. आताच्या बऱ्याच गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत. तशी गाडी असेल तर दोन्ही ब्रेक धरून क्लच दाबा, फोर-लोमध्ये रिव्हर्स टाका, इंजिन सुरू करा, क्लच पूर्ण सोडा, आणि मगच हँडब्रेक आणि पायब्रेक सावकाश सैल करा. आल्या वाटेने सरळ मागे या. अर्ध्या चढावर वळवायचा विचारही नको.

ऑटोमॅटिकमध्ये हे फारच सोपं आहे: ब्रेक, आर (रिव्हर्स), सरळ मागे. नवशिक्यासाठी ऑटोमॅटिक सुचवण्याचं माझ्या लेखी हेच सगळ्यात मोठं कारण.

चिखल, वाळू आणि पाणी

फसलेली गाडी पुढे-मागे झुलवताना ऑटोमॅटिकवाले ॲक्सिलरेटर न सोडताच डी-आर, डी-आर करतात. प्रत्येक वेळी चाक पूर्ण थांबू द्या, नाहीतर आतल्या क्लचपॅकवर घाव बसतो. तेलाच्या तापमानाचा दिवा लागला तर इंजिन बंद करू नका. सपाट जागी पी (पार्क) किंवा एन (न्यूट्रल) मध्ये चालू ठेवा, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहील.

वाळूत ऑटोमॅटिकच सरस. ढिगावर चढताना मॅन्युअलमध्ये गिअर बदलायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात वेग मरतो. दुबई-अबू धाबीकडच्या आपल्या मंडळींना हे सांगायला नको. मात्र टायरची हवा १५ ते १८ पीएसआयवर आणल्याशिवाय कुठलाच गिअरबॉक्स तारणार नाही.

ओढा ओलांडताना मॅन्युअलमध्ये गिअर आधीच टाका आणि पलीकडे पोहोचेपर्यंत क्लचला हात लावू नका, म्हणजे पाय. पाण्यात क्लच दाबला की प्लेटच्या फटीत पाणी आणि गाळ शिरतो. तापलेला गिअरबॉक्स एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा जाण्या-येण्याची नळी) किंवा सीलमधून पाणी आत खेचलं जातं, म्हणून पाण्यात घालण्याआधी गाडी थोडी गार होऊ द्या. खोल पाण्यातून आल्यावर तेल तपासून घ्या. ऑटोमॅटिकचं लाल तेल दुधाळ गुलाबी दिसलं तर त्यात पाणी आहे, आणि त्यावर गाडी चालवणं म्हणजे गिअरबॉक्स गमावणं. बऱ्याच नव्या गाड्यांत याची डिपस्टिकच नसते, खालून प्लग काढून बघावं लागतं.

फोर-लो पडत नसेल किंवा दिवा लुकलुकत राहिला तर लिव्हरवर जोर करू नका. गाडी थांबवा, न्यूट्रल करा, एखादा फूट पुढे-मागे होऊ द्या, दाते जुळले की पडतो. आणि कोरड्या डांबरावर आल्याबरोबर टू-हायवर (फक्त दोन चाकांना जोर) या. या गाड्यांत मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतो, वळणावर सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो.

मग घ्यायची कुठली?

रोज पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमधून जायचं, घरात दोघं-तिघं चालवणारे, महिन्यातून एखादा कच्चा रस्ता: टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक घ्या, हातात गिअर धरण्याची सोय बघून. खरा ऑफ-रोडवाला मॅन्युअलच चालवतो या बोलण्याला भुलू नका. डावा गुडघा दुखत असेल तर ते कारणही पुरेसं आहे. पण तुमचे रस्ते म्हणजे तीव्र उतार, सुटा मुरूम, कोकणातली निसरडी माती, आणि सोबत दुसरी गाडी नसते, तर मी मॅन्युअलच सांगेन. बॅटरी उतरली तर धक्का मारून ती सुरू होते, ऑटोमॅटिक होत नाही.

ऑटोमॅटिक बंद पडली तर चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढून नेऊ नका. इंजिन बंद असताना पंप तेल फिरवत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात. फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा, आणि ओढायचीच वेळ आली तर ट्रान्स्फर केसला (जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा भाग) न्यूट्रल आहे का आणि किती अंतर चालतं हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत आधीच वाचून ठेवा.