बाथरूमची गळकी तोटी घरच्या घरी कशी दुरुस्त कराल?

गळत्या तोटीखाली एक पेला ठेवा आणि तासाभराने बघा. 200 मिलिलिटरचा पेला भरला असेल, तर दिवसाला 4.8 लिटर आणि महिन्याला 144 लिटर पाणी मोरीत जातंय. म्हणजे पंधरा लिटरच्या साडेनऊ घागरी! आम्ही लातूरचे. 2016 मध्ये मांजरा धरण आटलं आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आमच्या गावात आली. तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. त्या उन्हाळ्यापासून आमच्या घरात रात्री टपटप ऐकू आली की कुणीतरी उठतंच.

तोटी गळायला लागली की ती जोर लावून आवळायची, ही आपल्याकडची सवय. त्यानेच ती जास्त बिघडते. आत स्पिंडलच्या, म्हणजे मुठीबरोबर फिरणाऱ्या दांड्याच्या, टोकाला एक रबरी वायसर असतो. तोटी बंद केली की तो खालच्या पितळी सीटवर, म्हणजे पाण्याच्या भोकाच्या गोल कडेवर, बसतो आणि पाणी अडवतो. आपलं बोअरचं पाणी काळ्या खडकाच्या भेगांतून येतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. बादलीला आतून जो पांढरा थर धरतो, तोच सीटवरही धरतो. त्या खरखरीत थरावर वायसर दाबला की रबर कापलं जातं. मग आणखी जोर लावला की आणखी कापलं जातं.

आधी पाणी कुठून गळतंय ते बघा. तोटी बंद असताना तोंडातून थेंब पडत असेल तर दोष वायसरचा किंवा सीटचा. तोटी चालू केल्यावर मुठीखालून पाणी झिरपत असेल तर वरचा ग्लँड नट, म्हणजे मुठीखाली स्पिंडलभोवती बसलेला नट, पाव फेरा आवळून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. भिंतीजवळ ओल असेल तर आट्यांवरची टेफ्लॉन टेप बदलावी लागेल.

दिवस निवडताना थोडा विचार करा. नळाला पाणी यायच्या आदल्या दिवशी छतावरची टाकी जवळजवळ रिकामी असते, त्या दिवशी सकाळी हे काम काढा. टाकीखालचा जुना कॉक पुष्कळदा क्षारांनी जाम झालेला असतो. जोर लावला तर तो तुटतो आणि आठ दिवसांचं पाणी छतावरून वाहून जातं. टाकी रिकामी असली की ही भीती राहत नाही. शिवाय सकाळी हार्डवेअरचं दुकान उघडं असतं, आणि एक फेरी तरी तिथे होतेच.

सामान फार लागत नाही: स्लाइड पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, अर्ध्या इंचाच्या तोटीचे दोन-तीन वायसर, टेफ्लॉन टेप, जुना टूथब्रश. गरम पाण्याची तोटी असेल तर गीझरचं बटण बंद करा. कॉक बंद करून तोटी उघडा आणि पाइपातलं पाणी निथळू द्या. मोरीच्या जाळीवर फडकं टाका. स्क्रू हातातून निसटला तर थेट तिथेच जातो.

मुठीवरची टोपी स्क्रू ड्रायव्हरने अलगद उचका, खालचा स्क्रू काढा आणि मूठ वर ओढा. आता षटकोनी नट दिसेल. तो सोडवण्याआधी स्पिंडल उघड्या स्थितीत फिरवून ठेवा, म्हणजे वायसर सीटवर दाबलेला राहत नाही. सगळ्यात जपायची गोष्ट पुढे आहे. एका हाताने पक्कडीत कापड घालून तोटीचं अंग घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने पान्याने नट डावीकडे फिरवा. अंग न धरता नट फिरवला तर सगळा जोर भिंतीतल्या पाइपावर जातो. जुना, गंजलेला लोखंडी पाइप असेल तर तो आतच मोडतो, आणि मग फरशी फोडावी लागते. नट हलतच नसेल तर त्याभोवती व्हिनेगरमध्ये भिजवलेली चिंधी अर्धा तास गुंडाळून ठेवा, क्षार सुटतात. बाथरूम धुवायचं ॲसिड मात्र वापरू नका. त्याने तोटीची चकाकी जाते, पितळही खराब होतं.

स्पिंडल बाहेर आलं की टोकाचा वायसर बघा. जुन्या वायसरवर गोल खाच पडलेली असते, कधी तो काठाला चिरलेला असतो. तो काढा आणि दुकानात सोबत घेऊन जा, अंदाजाने आणू नका. नवा बसवण्याआधी तोटीच्या आत करंगळी घालून सीटच्या कडेवर फिरवा. खरखर लागली तर लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात टूथब्रश बुडवून घासा. घासूनही खड्डा बोटाला लागतच असेल तर नवा वायसर फार दिवस टिकणार नाही. अशा वेळी तोटीच बदललेली परवडते.

पाव फेऱ्यात उघडणारी नवी तोटी असेल, किंवा टबावरचा मिक्सर असेल, तर आत बहुधा वायसर नसतो, चिनी मातीच्या चकत्यांचं कार्ट्रिज असतं. ते काढून तासभर व्हिनेगरमध्ये बुडवा, पुष्कळदा तेवढ्यावर गळती थांबते. बदलायचंच असेल तर जुनं घेऊन जा आणि वरच्या टोकाचे दात मोजून घ्या. दात जुळले नाहीत तर मूठ बसत नाही.

जोडताना सगळं उलट क्रमाने, स्पिंडल पुन्हा उघड्या स्थितीत. नट आधी हाताने बसवा, आटे वाकडे जाऊ देऊ नका, मग पान्याने बेताचा आवळा. भिंतीकडची तोटी काढली असेल तर आट्यांचं तोंड आपल्याकडे करून टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आठ-दहा वेढे गुंडाळा. टाकीचा कॉक हळूहळू उघडा. आधी हवा फुसफुसत बाहेर येईल, थोडं गढूळ पाणी येईल, ते बादलीत धरा, झाडांना चालतं. मग तोटी दोन बोटांनी बंद करा, तोंड फडक्याने कोरडं पुसा आणि खाली वर्तमानपत्राचा कागद ठेवून झोपा. सकाळी कागदावर ओला डाग दिसला, तर पुन्हा सीटवर बोट फिरवून बघा.