सहाध्यायाच्या नजरेतून आपले एचटीएमएल व सीएसएस कसे सुधारावे

एचटीएमएल (वेबपानाची रचना लिहिण्याची भाषा) आणि सीएसएस (त्याचे रूप ठरवणारी भाषा) शिकताना आपल्या चुका आपल्याला दिसत नाहीत, याचे मोठे कारण म्हणजे ब्राउझर फार सोशीक असतो. टॅग बंद करायचा राहिला, एकच आयडी (घटकाचे एकमेव ओळखनाव) दोन ठिकाणी दिला किंवा सीएसएसमधील गुणधर्माचे नाव चुकले, तरी तो तक्रार न करता जमेल तसे पान दाखवतो आणि नवशिक्याला वाटते की काम झाले. म्हणून बरोबर शिकणाऱ्या कोणाला तरी कोड दाखवावा. आपल्या मनात काय होते हे त्याला ठाऊक नसते, आणि नेमका तोच त्याचा उपयोग असतो.

उदाहरणासाठी एका वाचनालयाचे पान घेऊ. वर नाव, मग वेळा, नव्या पुस्तकांची यादी आणि तळाशी सभासदत्वाचा अर्ज.

कोड देण्यापूर्वी तो डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मोफत व्हॅलिडेटरमधून (चुका दाखवणाऱ्या साधनातून) तपासावा आणि आतले टॅग आत सरकवून नीट मांडावा. यंत्र जे सांगू शकते, त्यासाठी माणसाचा वेळ घेऊ नये. ‘कसे वाटले?’ असे विचारल्यास ‘छान आहे’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘अर्जातील चौकटी फोनवर पडद्याबाहेर का जातात?’ असा नेमका प्रश्न विचारावा.

तपासणाऱ्याने कोड लगेच उघडू नये. पान आधी फोनवर पाहावे. अक्षरे मुंगीएवढी दिसली तर बहुधा व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पडद्याच्या रुंदीनुसार पान मांडायला सांगणारी ओळ) राहिलेला असतो आणि फोन ते पान संगणकाच्या रुंदीचे समजून आकसून दाखवत असतो. पान आडवे सरकवावे लागले तर कोठेतरी १२०० पिक्सेलसारखी ठाम रुंदी दिलेली सापडते, जिच्या जागी कमाल रुंदी दिली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. त्यानंतर स्टाइलशीट (सीएसएसचे नियम) बंद करून पान वाचावे; फायरफॉक्समध्ये तशी सोय आहे. या साध्या तपासणीत जितके कळते तितके क्वचितच दुसऱ्या कशात कळते. वाचनालयाचे नाव एचवन (मुख्य शीर्षकाचा टॅग) नसून केवळ मोठ्या अक्षरांतले डिव्ह (स्वतःचा अर्थ नसलेला टॅग) आहे, किंवा पुस्तकांची यादी यूएल आणि एलआय हे यादीचे टॅग न वापरता बीआर या टॅगने तोडलेल्या ओळींची आहे, हे तेव्हा उघडे पडते. स्क्रीन रीडर (पडद्यावरचे वाचून दाखवणारी प्रणाली) वापरणाऱ्या वाचकाला असे पान शीर्षकांवरून चाळता येत नाही.

पुढे माउस बाजूला ठेवून केवळ टॅब कळीने अर्ज भरून पाहावा. नाव, पत्ता असे शब्द चौकटीत फिकट अक्षरांत लिहून लेबल वगळलेले असेल, तर टाइप करू लागताच ते शब्द नाहीसे होतात; म्हणून चौकटीला लेबल टॅग देऊन त्याचा फॉर हा गुणधर्म आणि इनपुटचा (चौकटीच्या टॅगचा) आयडी जुळवावा. रंगांच्या बाबतीत नेहमीच्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ एवढा कॉन्ट्रास्ट (अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर) हवा. पांढऱ्यावर #९९९ हा राखाडी घेतल्यास तो सुमारे २.८५ च भरतो, तर #७६७६७६ जेमतेम पार होतो.

मराठी पानात आणखी दोन गोष्टी पाहाव्यात, कारण इंग्रजी धड्यांवरून शिकणाऱ्यांकडून त्या हमखास सुटतात. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधील अंतर) वाढवले की शिरोरेषा तुटते, आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) १ ठेवली की वेलांट्या व उकार वरच्या-खालच्या ओळींना भिडतात, १.६ च्या आसपासची लाइन-हाइट वाचायला बरी पडते. एचटीएमएल टॅगवर भाषा मराठी असल्याचेही नोंदवावे.

अभिप्रायात जागा, काय घडले आणि त्याचे कारण हे तिन्ही यावे. ‘सीएसएस गचाळ आहे’ या वाक्यातून काहीच करता येत नाही, ‘बटणाच्या रंगासाठी इम्पॉर्टंट (इतर नियमांवर मात करणारा शेरा) लिहावे लागले, कारण वरचा नियम आयडीवर आहे आणि तो क्लासवर (अनेक घटकांना देता येणाऱ्या नावावर) मात करतो, दोन्हीकडे क्लास वापरून पाहा’ यातून करता येते. एका वेळी तीन-चार मुद्दे पुरेत.

अभिप्राय घेणाऱ्याने एकेक बदल करून प्रत्येक बदलानंतर पान पुन्हा पाहावे, नाहीतर कोणत्या बदलाने काय बिघडले हे कळत नाही. दोघांचे सल्ले परस्परविरोधी आले, म्हणजे पुस्तकांच्या यादीसाठी एकाने फ्लेक्स आणि दुसऱ्याने ग्रिड ही सीएसएसची मांडणीपद्धत सुचवली, तर दोन्ही करून पाहावे: एकाच दिशेने मांडणी असल्यास फ्लेक्स सहसा सोपे जाते, ओळी आणि स्तंभ दोन्ही जुळवायचे असल्यास ग्रिड. सुधारलेले पान परत दाखवताना कोणता सल्ला घेतला नाही आणि का, हेही त्यासोबत लिहून द्यावे.