दांडिया बाजारच्या गच्चीवरून इटली

हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना हातात पडला की पहिला हव्यास महागड्या रेडिओ सेटचा असतो. मलाही होता. तो चार महिने पुढे ढकला आणि आधी मोर्ससाठी, म्हणजे टिंब-रेघांच्या त्या तारेच्या लिपीसाठी, कान तयार करा.

मी उलटं केलं, आधी डोळ्यांनी शिकलो. टिंब-रेघांचा तक्ता कपाटाला चिकटवून महिनाभर घोकला. कागदावर सगळं पाठ, पण रिसीव्हरवर खरा मोर्स वाजला की एकेका अक्षरासाठी मनात तक्ता उघडायचा आणि तोवर पुढची तीन निसटलेली असायची. शेवटी तक्ता फाडला. टिंब म्हणजे 'दी', रेघ म्हणजे 'दा'. 'सी' म्हणजे 'दा-दी-दा-दी', तबल्याचा बोल लक्षात ठेवावा तसा. अक्षर मिनिटाला २० शब्दांच्या चालीनं वाजवायचं, दोन अक्षरांमधली जागा तेवढी वाढवायची. सुरुवात दोनच अक्षरांनी. रोज वीस मिनिटं बसलात तर बास. रविवारी सलग तीन तास बसून डोकं मात्र दुखतं. मी परवान्याच्या वरच्या, जनरल ग्रेडची परीक्षा दिली तेव्हा मिनिटाला ८ शब्दांचा वेग लागायचा, तो असा सहज आला.

अँटेना साधाच: २० मीटर बँडचा (साधारण २० मीटर लांबीच्या लहरींचा) डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडून दोन्हीकडे पाच-पाच मीटर तार. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर तो बसतो. शेजारच्या काकू अजून त्याला कपड्यांची दोरी समजतात.

पहिला इटलीवाला हॅम संध्याकाळी सातच्या सुमारास मिळाला. माझी शक्ती ५ वॅट, म्हणजे नाइट लॅम्पएवढी. आपल्याकडच्या हॅमचा कॉलसाइन, म्हणजे हवेतलं नाव, 'व्ही'नं सुरू होतो. 'व्ही'ला तीन 'दी' आणि एक 'दा'. हात असा थरथरला की चार 'दी' गेले आणि 'व्ही'चा '४' झाला. त्यानं शांतपणे प्रश्नचिन्ह पाठवलं. तिसऱ्यांदा जमलं. सहा हजार किलोमीटर, मध्ये ना केबल ना सॅटेलाइट. लहर आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून तिकडे उतरली.

मोर्स किती दिवस टिकणार, हे नवीन मुलं हमखास विचारतात. जहाजांनी तो १९९९मध्ये सोडला, परवान्यासाठीची आंतरराष्ट्रीय सक्ती २००३मध्ये उठली, आपली तारसेवा २०१३मध्ये बंद झाली. २०१७पासून एफटी८ ही डिजिटल पद्धत आली. त्यात संगणकच संगणकाशी बोलतो आणि मला ऐकूही येत नाही असा सिग्नल उचलतो. किती देशांशी संपर्क झाला ते मोजायचं असेल तर खुशाल तेच वापरा. पण बोलण्याला अडीच-तीन हजार हर्ट्झ रुंदीचा पट्टा लागतो तिथे मोर्सचं दीडशेत भागतं, म्हणून खरखरीतूनही तो ऐकू येतो, आणि त्याचा ट्रान्समीटर घरी डागकाम करून बनतो. शिवाय पलीकडचा माणूस दमलाय की घाईत आहे, हे त्याच्या हातावरून कळतं. मला तेवढ्यासाठीच तो हवा.

आणि हो, उत्तरायण (पतंगांची संक्रांत) नि वासी उत्तरायण (तिचा दुसरा दिवस), दोन्ही दिवस अँटेनाची तार खाली उतरवा. माझ्या डायपोलच्या टोकाची दोरी मांजानं कापली गेली, तार लोंबकळली आणि समोरच्या गच्चीवरून पोरं ओरडली, "काप्यो छे!" (कापला!)