स्टिअरिंग रॅकचे बुश घरी बदलताना: खरं काम गंजलेल्या बोल्टांचं

स्टिअरिंग रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर पुढची चाकं वळवणारा आडवा भाग, आणि त्याला गाडीवर धरून ठेवणारे रबरी तुकडे म्हणजे त्याचे बुश. हे बुश गेले म्हणून गाडी कधी बंद पडत नाही. त्यामुळेच ते वर्षानुवर्षं तसेच राहतात. स्टिअरिंग थोडं फिरवलं तर क्षणभर काहीच होत नाही, मग गाडी एकदम वळते. आंबा किंवा कुंभार्ली घाटात वळणामागून वळण आलं की एकाच वळणात दोनदा सावरावं लागतं. खडबडीत रस्त्यावर पायाशी ठक असा आवाज येतो, जोरात ब्रेक मारल्यावर स्टिअरिंगचा मध्य किंचित सरकल्यासारखा वाटतो. साध्या गाडीत हे लपून जातं. स्पोर्ट्स कारमध्ये लपत नाही, कारण तिचे टायर बुटके, सस्पेन्शन कडक आणि स्टिअरिंग झटपट वळणारं. बाकी कुठे ढिलाई नसल्याने एवढ्याशा रबराची ढिलाई थेट हाताला कळते.

बुश दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात रॅकच्या नळीभोवती एका बाजूला चीर असलेलं जाड रबर असतं आणि त्यावरून घोड्याच्या नालासारखा लोखंडी क्लॅम्प दोन बोल्टांनी सबफ्रेमवर, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी चौकटीवर, आवळलेला असतो. दुसऱ्या प्रकारात रॅकच्या ॲल्युमिनियमच्या बॉडीलाच कान असतात, त्यात दाबून बसवलेला बुश आणि त्याच्या मधल्या लोखंडी नळीतून जाणारा बोल्ट. पुष्कळ गाड्यांत एका टोकाला एक प्रकार, दुसऱ्या टोकाला दुसरा असतो. सुटे भाग मागवण्याआधी गाडीखाली जाऊन बघा. रॅकच्या आत आणखी एक प्लॅस्टिकचा बुश असतो, तो वेगळा. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत पिनियन (रॅक सरकवणारं दातेरी चाक) उजवीकडे असतो, म्हणून हा आतला बुश डाव्या टोकाला. दुकानात नुसतं ‘रॅक बुश’ म्हटलं की बरेचदा हाच हातात पडतो. ‘रॅक माउंटिंगचा बुश’ असं स्पष्ट सांगा.

आधी खात्री करून घ्या

चाकं जमिनीवर किंवा रॅम्पवर टेकलेली हवीत. टायरचा विरोध असला तरच रॅक ढकलला जातो. चाकं हवेत असताना ढिले बुशही ठीक दिसतात. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना उटी लावा, इंजिन चालू ठेवा आणि सोबतच्या माणसाला स्टिअरिंग मध्यापासून थोडंच, पण झटक्याने डावी-उजवीकडे हलवायला सांगा. तुम्ही बॅटरीच्या उजेडात रॅकची बॉडी आणि सबफ्रेम यांच्यामधली जागा बघा. रबर किंचित दबणं ठीक. बॉडी दोन-तीन मिमी सरकताना उघड दिसत असेल तर बुश गेले.

बॉडी जागची हलत नसेल आणि आवाज येत असेल, तर दोष दुसरीकडे आहे. चाक हवेत घेऊन घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. खेळ आला तर टाय रॉडचा (रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा किंवा आतला सांधा. बारा आणि सहाच्या जागी खेळ आला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. आवाज पायाशी न येता थेट स्टिअरिंगच्या चाकात जाणवत असेल, तर कॉलमच्या (स्टिअरिंगपासून रॅककडे जाणाऱ्या दांड्याच्या) खालच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट तपासा. समुद्राकाठच्या गाड्यांत तो कोरडा पडून गंजतो.

पॉवर स्टिअरिंगचं तेल गळून रबर फुगलेलं, पिठासारखं झालेलं दिसलं तर आधी गळती बंद करा. नाहीतर नवा रबरी बुशही तसाच जाईल.

गाडी उचलताना

कोकणातल्या अंगणाची ही खास अडचण. सारवलेल्या किंवा मातीच्या खळ्यात जॅक स्टँडचे पाय रुततात, एक रुतला की गाडी तिरकी होते. प्रत्येक स्टँडखाली किमान एक फूट चौरस आणि दोन इंच जाडीची फळी घाला. जांभ्याचा चिरा टेकू म्हणून अजिबात लावायचा नाही. भिंतीत वर्षानुवर्षं टिकणारा चिरा एका बिंदूवर भार आला की न सांगता फुटतो. स्टँड गाडीच्या ठरलेल्या जागीच लावा, चाकं काढून तीही चेसिसखाली सरकवून ठेवा, आणि खाली जाण्यापूर्वी गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा.

एक गोष्ट आत्ताच करा: स्टिअरिंग सरळ ठेवून चावी काढा, लॉक बसू द्या. एअरबॅगच्या गाडीत रॅक कॉलमपासून सोडवावा लागला आणि स्टिअरिंग मोकळं फिरलं, तर आतली क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगला वीज पोचवणारी गुंडाळलेली पट्टी) तुटते. ते काम बुशच्या कितीतरी पट महाग पडतं.

गंजलेले बोल्ट

पुस्तकात या कामाला दोन तास लिहिलेले असतील. खाऱ्या हवेत राहिलेल्या, पावसाळाभर लाल चिखल खाल्लेल्या गाडीला अख्खा दिवस धरा आणि सुरुवात आदल्या दिवशी करा. बोल्टाभोवतीचा चिखल तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. मातीच्या थरावर फवारलेलं तेल मातीतच राहतं. मग गंज सोडवणारं तेल दुपारी, संध्याकाळी, रात्री असं तीनदा मारा आणि बोल्टाचं वरचं टोक दिसत असेल तर तिथूनही सोडा.

पाना सहा कोनी सॉकेटचाच घ्या. बारा कोनी रिंग गंजलेलं डोकं गोल करते. बोल्ट आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवा, मग सोडा. सुटायला लागला की अर्धा आटा बाहेर, पाव आटा आत, पुन्हा तेल, असं करत काढा. एका दमात बाहेर ओढायला गेलात तर सुटलेला गंज आट्यांत साचतो, बोल्ट पुन्हा आवळतो आणि मान तुटते. सबफ्रेममधला नट वेल्ड केलेला असेल तर तुटलेला बोल्ट ड्रिल करून काढणं, आटे पुन्हा पाडणं आलं. ते सबफ्रेम उतरवूनच नीट होतं. हाताला बोल्ट रबरासारखा मऊ लागू लागला तर थांबा, तो फिरत नाहीये, पिळला जातोय. गरम करायची वेळ आली तर रॅकचा रबरी बूट, ब्रेकचे पाइप आणि पेट्रोलची लाइन जिथे जवळ आहे तिथे ज्योत नको, आणि फवारलेलं तेल आधी पुसून टाका.

जुने बोल्ट परत वापरू नका. हार्डवेअरच्या दुकानात चकचकीत स्टेनलेसचे मिळतात, त्यांचा मोह टाळा. साधारण मिळणारा ए२-७० दर्जाचा स्टेनलेस ८.८ दर्जाच्या पोलादी बोल्टापेक्षा लवकर ताणला जातो, आणि खाऱ्या ओलाव्यात स्टेनलेसला चिकटलेलं ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्लं जातं. कंपनीचे किंवा ८.८ किंवा त्यावरच्या दर्जाचे, झिंक चढवलेले, मुळाइतक्याच लांबीचे बोल्ट घ्या.

कोकणची स्वतःची स्पोर्ट्स कार म्हणावी तर गोव्यात तयार झालेली, रेनोचं ११४९ सीसी इंजिन असलेली सॅन स्टॉर्म. तिची बॉडी फायबरची, तिला गंज चढत नाही. खालचे बोल्ट मात्र लोखंडाचेच.

बुश काढणं आणि बसवणं

क्लॅम्पचा प्रकार असेल तर टाय रॉड आणि हायड्रॉलिक पाइप सोडायची गरज सहसा पडत नाही. क्लॅम्प काढण्याआधी रबराची चीर कुठल्या बाजूला आहे ते रंगाच्या खुणेने टिपा आणि रॅकची बॉडी सबफ्रेमवर नेमकी कुठे बसली आहे तीही रेघ मारून घ्या. पहिल्या बाजूचा क्लॅम्प पूर्ण काढा, दुसऱ्या बाजूचा फक्त ढिला करा. रॅक जेमतेम वीस-पंचवीस मिमी उचलला की जुनं रबर चिरेतून उघडून निघतं. पाइपांवर ताण येईल इतका उचलू नका.

काही गाड्यांत रॅक इंजिनमागे सबफ्रेमवर दडलेला असतो. तिथे सबफ्रेम दोन-तीन इंच खाली सोडावी लागते. तिच्या चारही कोपऱ्यांवर आधी खुणा करा, कारण तिची जागा सरकली की चाकांचं सगळं गणित सरकतं. हे काम एकट्याने करू नये.

खाली सापडेल ते असं: लोखंडावर गंजाचे पापुद्रे, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी. दोन्ही पॉलिश पेपरने साफ करून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. या पापुद्र्यांवर नवं रबर बसवलं तर पापुद्रे गळाल्यावर तितकीच ढिलाई परत येते. नवीन बुश महिन्यात गेला म्हणून दुकानदाराशी भांडणारे बहुतेकदा इथेच चुकलेले असतात. लोखंडावर झिंकच्या प्रायमरचा पातळ हात द्या, जाड नको. हे काम दिवाळीनंतर किंवा मृगाच्या आधी काढा. जुलैत पागोळ्या गळत असताना पडवीत रंग धड वाळत नाही.

रबर बसवताना साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावल्यास रबर फुगतं. क्लॅम्पचे दोन्ही बोल्ट हाताने लावा आणि आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर रबर दुसरीकडे ढकललं जाऊन क्लॅम्प तिरका बसतो.

दाबून बसवलेला बुश हातोड्याने काढायला जाऊ नका, ॲल्युमिनियमचा कान तडकतो. आटे असलेला एक रॉड, जाड वॉशर आणि दोन सॉकेट पुरतात. एक सॉकेट बुशच्या बाहेरच्या कड्यापेक्षा किंचित लहान, दुसरं बुश आत मावेल इतकं मोठं. नट आवळत गेलं की बुश सरळ ओढला जातो. हलत नसेल तर कानाभोवती फडकं गुंडाळून त्यावर उकळतं पाणी ओता. ३५ मिमीच्या भोकाला त्याने सुमारे ०.०६ मिमी मोकळीक मिळते, आणि आतली सील जळत नाहीत. बाहेरून लोखंडी कडं असलेला नवा बुश बसवण्याआधी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा.

टॉर्क गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणेच द्या. अंदाज म्हणून, ८.८ च्या दहा मिमी बोल्टाला ४५ ते ५० न्यूटन-मीटर लागतात, आठ मिमीला २२ ते २५. हे आकडे कोरड्या आट्यांचे. आट्यांना तांब्याचं ग्रीस लावून तोच टॉर्क दिला तर बोल्ट जास्त ताणला जातो. म्हणून ग्रीस फक्त बोल्टाच्या गुळगुळीत भागाला लावा आणि आवळून झाल्यावर डोक्यावर व बाहेर आलेल्या आट्यांवर गंजरोधक मेण फवारा.

रबर की पॉलियुरेथेन

रबर साधारण ५५ ते ६५ शोर ए कडकपणाचं असतं, पॉली बुश ८० ते ९५. पॉलीने स्टिअरिंग लगेच नेमकं होतं, पण रस्त्याची प्रत्येक खडी हातात येते. रोजची वाट पाखाडीची आणि खड्ड्यांची असेल तर कंपनीचं नवं रबरच घ्या. जुन्या, मेलेल्या रबराशी तुलना केली तर तेही पुरेसं टणक वाटतं. पॉली घेतलंच तर सोबत येणारं सिलिकॉनचं ग्रीस आतून-बाहेरून लावा, नाहीतर ते कुरकुरतं. क्लॅम्प खाली लोखंडाला टेकत नसेल तर बोल्टाने जबरदस्तीने टेकवू नका, चुकीचा माप आला आहे.

रॅकखाली वॉशर घालून ढिलाई भरायचा जुगाड मात्र नकोच. एका बाजूची उंची बदलली की चाक वरखाली होताना टाय रॉड आणि लोअर आर्म यांचे कंस जुळत नाहीत, आणि खड्ड्यातून जाताना गाडी आपोआप एका बाजूला वळते.

शेवटी टो

रॅक आडवा एक-दोन मिमी सरकला तर दोन्ही चाकं एकाच दिशेला वळतात. एकूण टो, म्हणजे पुढची दोन चाकं एकमेकांकडे किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप, तोच राहतो, फक्त गाडी सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं दिसतं. अशा वेळी एका टाय रॉडची लांबी जितकी कमी कराल तितकीच दुसऱ्याची वाढवायची. टाय रॉडच्या आट्यांचा पिच १.५ मिमी आणि स्टिअरिंग आर्म १२० मिमी धरला तर एका पूर्ण आट्याने चाक सुमारे ०.७ अंश वळतं, म्हणजे ६०० मिमीच्या टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत सात मिमीहून जास्त फरक. म्हणून एका वेळी पाव आट्यापेक्षा जास्त फिरवू नका, आणि फिरवताना रबरी बूट पिळला जात नाही ना ते बघा. त्यानंतर अलाइनमेंट करून घ्या. बॅटरी काढली असेल आणि ईएसपीचा (गाडी घसरू नये म्हणून असलेल्या यंत्रणेचा) दिवा लागून राहिला तर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणावा लागतो.

शंभर-दीडशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. क्लॅम्पचे बोल्ट थोडे फिरले तर घाबरायचं कारण नाही, नवं रबर बसलं इतकंच. दुसऱ्यांदाही फिरले तर क्लॅम्प उघडून बघा, खाली कुठेतरी पापुद्रा राहिला आहे.