मोर्चाला माणसं जमवायचीत? मग हॅशटॅग असा चालवा

हॅशटॅग ट्रेंडिंगला आला म्हणजे मोर्चाला गर्दी होणारच असं धरून चालू नका. टॅगचं काम चौकातल्या फळ्याचं, एकमेकांना न ओळखणारी माणसं एकाच जागी येऊन बघतात आणि त्यांना कळतं की कधी, कुठे, कशासाठी जायचंय आणि अजून किती जण निघालेत. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, एकट्याने रस्त्यावर उतरायला कुणालाही भीती वाटते.

आधी नाव ठरवा. टॅगमध्ये तारीख हवी नाहीतर मागणी हवी. इजिप्तमध्ये २०११ ला सरकारविरोधी आंदोलनात #जॅन२५ चालला, म्हणजे २५ जानेवारी, एकदा वाचला की तारीख पाठ. साऊथ आफ्रिकेत ऑक्टोबर २०१५ मध्ये विद्यार्थ्यांनी #फीजमस्टफॉल (फी कमी झालीच पाहिजे) चालवला, मागणी सरळ टॅगमध्येच, आणि २३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष झुमांनी पुढच्या वर्षी फीवाढ होणार नाही असं जाहीर केलं, पण त्या दिवशी प्रिटोरियात युनियन बिल्डिंग्ज ह्या सरकारच्या मुख्य इमारतीसमोर हजारो पोरं उभी होती हे विसरू नका. #न्याय वगैरे मोघम टॅग घेऊ नका, त्यात आधीच शंभर विषयांच्या पोस्ट पडलेल्या असतात. कुठलाही टॅग घ्यायच्या आधी सर्च करून बघाच.

मध्ये स्पेस किंवा डॅश आला की टॅग तिथेच तुटतो, शब्द जोडूनच लिहा. आणि स्पेलिंग एकच, ह्यात अजिबात सूट नाही. आमचं एकदा असं झालं की अर्धे जण #पाणीहवंच लिहीत होते आणि अर्धे #पाणीहवेच, ऐनवेळी जागा बदलली ती पोस्ट एकाच टॅगवर गेली आणि बरीच माणसं, त्यात म्हाताऱ्या बायकाही, जुन्या जागी तासभर उन्हात उभी राहिली. मला अजून त्याचं वाईट वाटतं. तेव्हापासून टॅग आधी ग्रुपवर टाकतो आणि सगळ्यांना कॉपी करूनच वापरायला सांगतो.

ट्रेंडिंगमध्ये एकूण पोस्ट किती ह्यापेक्षा थोड्या वेळात अचानक किती वाढल्या ह्याला जास्त वजन असतं. म्हणून दिवसभर थोडं थोडं टाकण्यापेक्षा एक तास ठरवा आणि सगळे तेव्हाच लिहा. मजकूर मात्र प्रत्येकाचा स्वतःचा हवा, तेच तेच पेस्ट केलं तर स्पॅम धरलं जातं.

पोस्ट अशी लिहा: "रविवार १२ मे, सकाळी १०, टाऊन हॉलचं मागचं गेट. मागणी एकच, रोज पाणी. पोलीस परवानगी आहे. पाण्याची बाटली, टोपी आणा. #पाणीहवंच". नुसतं "रविवारी" लिहू नका, पोस्ट आठवडाभर फिरत राहते आणि लोकं पुढच्या रविवारी येऊन उभी राहतात.

मोर्चाच्या दिवशी टॅग मोकळा ठेवा. अमेरिकेत कृष्णवर्णीयांवरच्या पोलीस अत्याचाराविरुद्ध आंदोलन चालू असताना २ जून २०२० ला लाखो लोकांनी पाठिंबा म्हणून अगदी मनापासून इन्स्टाग्रामवर काळे चौकोन टाकले, पण बऱ्याच जणांनी सोबत त्या आंदोलनाचाच टॅग #ब्लॅकलाइव्हजमॅटर लावला, टॅग उघडला की खालपर्यंत नुसतं काळंच, आणि कुठे काय चाललंय, मदत कुठे मिळेल ही माहिती त्याखाली गाडली गेली, शेवटी कार्यकर्त्यांनाच विनंती करावी लागली की हा टॅग लावू नका. पाठिंब्याच्या पोस्टसाठी वेगळा टॅग द्या, मेन टॅगवर फक्त रस्ता, वेळ, बदल, मदत. आणि दोघा-तिघांना टॅगवर लक्ष ठेवायला बसवा, जुने फोटो आजचे म्हणून फिरायला लागले की लगेच खोडून काढायला.

फोटो टाकताना चेहरे झाका, लहान मुलांचे तर नक्कीच. टॅग तुम्हाला दिसतो तसाच तुमच्यावर नजर ठेवणाऱ्यालाही दिसतो, त्यामुळे कुणाच्या घरी भेटायचं, कोण गाडी आणणार असलं काहीही त्यावर नको.

नेट बंद होईल हे धरूनच तयारी करा. इजिप्तमध्ये २७ जानेवारीच्या रात्रीनंतर इंटरनेट जवळपास पूर्ण बंद केलं, तरी २८ ला प्रचंड गर्दी झाली कारण शुक्रवार होता आणि नमाजानंतर मशिदींमधून लोकं थेट रस्त्यावर निघाली, जमायची जागा आणि वेळ त्यांना कुणी फोनवर सांगायची गरजच नव्हती. तुमच्याकडेही आदल्या संध्याकाळपर्यंत जागा, वेळ आणि वकिलाचा नंबर प्रत्येकाच्या खिशात कागदावर लिहिलेला असू द्या.