घरातला अबोला मातीत कसा उतरवायचा

विहिरीच्या पाण्यावरून आमच्या आप्पांचं आणि मोठ्या बाबांचं, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाचं, अकरा वर्षं बोलणं नव्हतं. भडगाव तालुक्यात गिरणेच्या काठाला आमचं शेत. विहीर एक, मोटार एक, पाळ्या ठरलेल्या. सातवा दिवस कुणाचा, यावरून वाद पेटला आणि मग दोघं गप्पच झाले. तो अबोला मी मातीत घडवला, पाण्यात सोडला आणि त्याचा व्हिडिओ केला. तुमच्या घरातही असं काही साचलेलं असेल तर हे करून बघा.

चेहऱ्यापासून सुरुवात करू नका. मी आधी आप्पांचा चेहरा केला होता. कपाळाला आठ्या, ओठ खाली ओढलेले. माय बघून म्हणाली, “हाऊ कोन शे?” (हा कोण आहे?) तेव्हा कळलं, राग असा दिसत नाही. मग आठवडाभर मातीला हात लावला नाही, नुसतं बघत राहिले. थारोळ्याच्या, म्हणजे विहिरीचं पाणी पडतं तिथल्या, दगडावर बसले की आप्पा उजवा हात डाव्या मांडीखाली दाबून धरतात, अंगठा मुठीत घेतात आणि पाठ डावीकडे कलते. तुम्हीही अशी एक बसण्याची, उभं राहण्याची, भांडं खाली ठेवण्याची लकब शोधा आणि वहीत दहा-बारा वेळा काढा. मोठ्या बाबांना तसंच लांबून पाहिलं, तर तेही हुबेहूब तसेच बसत होते. तिथंच माझं शिल्प ठरलं: पाठीला पाठ लावून बसलेले दोघं, हातभर उंचीचे.

एटीडी, म्हणजे कलाशिक्षक पदविका, करताना मी ॲना मेंडिएटा या कलावंताबद्दल वाचलं होतं. क्युबातली ही मुलगी १९६१ साली, बाराव्या वर्षी, आईवडिलांना सोडून अमेरिकेत पाठवली गेली. पुढं १९७३ पासून तिनं आपल्या देहाची आकृती माती-वाळू-गवतात उमटवली, लाटा-वाऱ्याला ती पुसू दिली आणि त्याचं चित्रीकरण केलं. शिल्प टिकलंच पाहिजे ही माझी समजूत तिच्यामुळं गेली.

आता माती. आपली काळी माती सरळ वापरू नका. ती ओली असताना फुगते, वाळताना आकसते; उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याचमुळं. माझ्या पहिल्या जोडीच्या पाठी एका रात्रीत फाटल्या. नदीकाठचा पोयटा, म्हणजे गाळाची माती, आणा. तीन घमेली पोयट्याला एक घमेलं बारीक वाळू आणि दोन ओंजळी गव्हाचा भुसा घाला. दोन दिवस भिजवा, पायानं तुडवा, ओल्या गोणपाटाखाली मुरू द्या. आतल्या सांगाड्याला पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, चालतात. पण माती आकसते, काडी आकसत नाही, म्हणून काडीवर आधी जुन्या लुगड्याची पट्टी सैलसर गुंडाळा आणि वरून सुतळी. मी आजीच्या लुगड्याची पट्टी घेतली होती.

मूर्ती भाजायची नाही, रंगवायची नाही. सावलीत, गोणपाट थोडं थोडं सरकवत, सावकाश वाळवा. वाळली का ते गालाला लावून बघा. गार लागली तर आत ओल आहे. हे फार महत्त्वाचं आहे, कारण ओलसर माती पाण्यात तासन्‌तास तशीच बसून राहते आणि कोरडीठाक माती बुडबुडे सोडत भराभर सुटते. दोघांपैकी एक आधी विरघळलेला मला नको होता. म्हणून दोन्ही मूर्ती अकरा दिवस शेजारी शेजारी वाळवल्या.

चित्रीकरणाला मोबाईल पुरतो. तो आडवा, जमिनीलगत पक्का बसवा आणि एकदा लावला की हलवू नका. फोकस लॉक करा, एअरप्लेन मोड लावा. सकाळी नऊच्या आत उरका. वैशाखात मोबाईल तापून बंद पडतो आणि दुपारच्या उन्हात पाणी नुसतं पांढरं दिसतं. आवाज मात्र वेगळा, दुसऱ्या मोबाईलवर घ्या. माइकवर कापसाचा पातळ पदर ठेवला की वाऱ्याची फरफर कमी होते.

जागा मी विहिरीच्या पाटातलीच धरली. लाईट पहाटे येणार होती आणि त्या दिवशी पाळी मोठ्या बाबांची. त्यांना विचारल्याशिवाय पाणी घ्यायचं नव्हतं. ज्यांच्यावर काम करताय त्यांना आधी सांगाच. नाही म्हणाले तर थांबा. मोठे बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी स्टार्टर दाबला आणि पाटाशी येऊन उभे राहिले.

पाणी आधी बुडाला लागलं. मांड्या सुटल्या, मग हात, आणि पाठी एकमेकींवर रेलल्या. वीस मिनिटांत पऱ्हाट्या आणि लुगड्याच्या चिंध्या तेवढ्या उभ्या राहिल्या. त्यात मध्येच मोठ्या बाबांचा आवाज आला आहे: “हाई ते आमना बापनी पाठ शे.” असं काही अचानक सापडलं तर कापू नका. संगीत घालायचा मोह होईल, तोही आवरा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आल्या होत्या, तेव्हा ओसरीच्या भिंतीवर पांढरी चादर लावून व्हिडिओ दाखवला. मोठे बाबा दाराशी उभे राहून बघून गेले. ते गेल्यावर आप्पांनी तेवढा आवाजाचा तुकडा परत लावायला सांगितला.